दाजींची रेघ

दाजी गेल्याचा भाच्याचा फोन आला, तेव्हा मी आधी विश्वासच ठेवला नाही. दोन वर्षांपूर्वी "शेवटचं भेटून जा" असा निरोप धाडून त्यांनी मला देवळालीहून नगरला पळवत आणलं होतं. पोहोचलो तर स्वारी ओट्यावर शेंगा फोडत बसलेली! "बघत होतो, येतोस का," म्हणाले. म्हणून या वेळी मी त्यांच्या शेजाऱ्यांना फोन लावून खात्री करून घेतली... आणि मगच रडू आलं. दाजींना हे कळलं असतं तर खूश झाले असते.

माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, हे यजमान. दूधवाल्याच्या मापात बोट बुडवून बघणार, एसटीचं तिकीट उजेडात धरून बघणार. एकाहत्तर-बाहत्तर साली आम्ही दोघांनी नगरला स्टीलच्या भांड्यांचा लहानसा कारखाना काढला. पत्रा मी आणायचा, डाय म्हणजे साचा आणि प्रेस दाजींकडे. निकेल घातलेला स्टीलचा पत्रा तेव्हा मिळता मिळत नव्हता, म्हणून मी निकेल नसलेला, नुसत्या क्रोमियमचा पत्रा आणला. सपाट होता तोवर त्यात तोंड दिसायचं. पण प्रेसवर दाबून-ओढून त्याचे वाडगे केले आणि अंगभर वळ उठले, छडीनं मारल्यासारखे, एकाशेजारी एक. घासून घासून पॉलिशचे बफ झिजले, पण वळ काही जाईनात.

पाथर्डीचा भांड्यांचा व्यापारी सगळे वाडगे पोत्यात भरून परत घेऊन आला. खिशातून लोहचुंबक काढून त्यानं एका वाडग्याला लावलं, ते खटकन चिकटलं. "पावनं, ह्ये इस्टील न्हाई. चुंबक चिकटतंय, वर ह्ये वळ. आमी काय येडं हाय व्हय?" दाजींनी माझ्याकडे असं बघितलं, की माझ्या अंगाची आग झाली. मी हलका पत्रा आणून मधल्यामध्ये हात मारला, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. आणि खरं सांगतो, माझ्याही मनात तेच चाललं होतं : यांचा डाय खराब झालाय, आणि खापर माझ्यावर! आमचं बोलणं तुटलं. त्या वर्षी मी भाऊबिजेला गेलो नाही. आक्काच कारखान्यात आली, दारातच उभी राहिली. "तुमी भांडा खुशाल. मी कुनीकडं जाऊ, ते सांगा," म्हणाली.

नंतरच्या खेपेचा पत्रा आला आणि पुन्हा तेच वळ. मी सहज एक वाडगा पालथा केला, तर बुडावर टोच्यानं ओढलेली रेघ. "दाजी, ही कसली रेघ?" गडी अजिबात ओशाळला नाही. "पत्रा आला त्याच दिवशी मी पाठीमागून लांबीला रेघा मारून ठेवल्या. तू गोदामात पत्रा बदलतोस का, ते बघायला." मी भडकलोच. "मग बघा की! काढा एक तरी बिनरेघेचा!" त्यांनी सगळा ढीग उपसला. प्रत्येक वाडग्यावर रेघ होती. म्हणजे दोष तुमच्या डायचाच, असं मी म्हणणार, एवढ्यात त्यांचा हात थांबला... डायनं उठलेला आमचा छाप प्रत्येक वाडग्यावर होता. वळ कुठं छापाला आडवे, कुठं उभे, कुठं तिरपे. डायचा दोष असता तर छापापाशी सगळीकडे सारखेच पडले असते. रेघेला मात्र ते एकूण एक समांतर होते, म्हणजे दोष पत्र्याच्याच अंगात, लांबीला होता. चोर शोधायला मारलेली रेघ, आणि तिनं आम्हा दोघांनाही सोडवलं.

नंतर तंत्रनिकेतनातल्या एका मास्तरांनी उलगडा केला. आधी "तुम्हाला कुणी पाठवलं?" हे दाजींनी त्यांना विचारलंच. मास्तर म्हणाले, धातू आतून दाण्यांचा असतो. या जातीच्या पत्र्यात लाटताना एकाच बाजूला तोंड केलेल्या दाण्यांचे पट्टे लांबीला पसरून राहतात. ओढ बसली, की एक पट्टा जास्त पातळ होतो, शेजारचा कमी. तेच हे वळ. आणि निकेल नाही म्हणून चुंबक चिकटतं, स्टील खोटं नव्हे. पुढं त्या पत्र्याची आम्ही नुसती उथळ, फार ओढ न बसणारी ताटं केली. दाजी मला "चुकलो" असं कधीच म्हणाले नाहीत. मीही वाट बघायची सोडून दिली होती.

परवा आक्काला भेटायला गेलो. तिनं त्यातलाच एक वाडगा माझ्या हातात ठेवला. "ह्यो तू ने. ह्यांनी ह्यात दुसऱ्या कुनाला कंदी जेवू दिलं न्हाई. जेवाय बसायच्या आदी पालथा करून बुडावरनं अंगठा फिरवायचे. म्हनायचे, माज्या मेव्हन्यावर मी ही रेघ वढली हुती."

आक्का माझं मन राखायला सांगतेय, असं मला वाटलंच. जित्याची खोड. वाडगा दारापाशी उजेडात नेला आणि पालथा केला. बूड कधी पॉलिश केलेलं नव्हतं, सगळं मळकट होतं. फक्त रेघेवरून, अंगठ्याच्या रुंदीएवढा पट्टा चकचकीत झाला होता.