सुजाताच्या हातची चिन्हं

सुजाता गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात एका टाकीचं ड्रॉइंग तपासत होते. फोन तिच्या मुलीचा, आर्याचा. "मावशी, आई पहाटे गेली," एवढंच ती म्हणाली आणि मग मागच्या बायकांचे आवाज ऐकू येत राहिले. किडनीचं दुखणं जुनं होतं, डायलिसिस चालू होतं, तेव्हा बातमी अगदीच अचानक आली असं नाही. तरी मी "बरं" म्हणाले. बरं... कुणी गेल्यावर असं म्हणतात का? इंदापूरला तिच्या घरी पोचेपर्यंत तो शब्द डोक्यातून हलला नाही. पुढं जलदानविधीच्या दिवशी आर्या माइक हातात घेऊन आईविषयी चार शब्द बोलली. म्हणाली, "आईला कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायला शिकायचं होतं. मंगलमावशीनं त्यासाठी लय धडपड केली, पण तो योग आला न्हाय." सगळ्यांनी वळून माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, मी रडतेय. खरं तर आर्या बोलली ते खोटं होतं, आणि ते खोटं आहे हे सांगू शकणारी मी एकटीच उरले होते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बारामतीच्या एमआयडीसीत एक फॅब्रिकेशनची शेड होती. साखर कारखान्यांना लागणाऱ्या रसाच्या टाक्या, कन्व्हेअरचे सांगाडे, दूध डेअरीची भांडी असली कामं तिथं व्हायची. शेडच्या एका कोपऱ्यात काचेची खोली, त्यात आम्ही दोघी. मी वरकुट्याची, बारामतीत मावशीकडं राहायचे. सुजाता जळोचीची, सायकलवर यायची, कॅरिअरला डबा आणि शाईच्या पेनांची पेटी. आयटीआयला ड्राफ्ट्समनचा कोर्स केलेली ती एकटीच मुलगी होती, आणि अक्षर असं की आमचे मालक अण्णा गिऱ्हाइकाला आधी ड्रॉइंग दाखवायचे आणि मग टाकी. मी पुण्यात मामाकडं राहून कॉम्प्युटरचा क्लास केलेला होता, म्हणून नवा कॉम्प्युटर आला तेव्हा त्याच्यासमोर मला बसवलं. सुजाताला पुण्यात राहायची सोय नव्हती. फरक एवढाच होता, हुशारीचा नव्हता.

आता त्या चिन्हांविषयी सांगायला हवं, कारण सगळं त्यांच्यावरूनच घडलं. दोन पत्रे जिथं जोडायचे तिथं ड्रॉइंगमध्ये एक बाण टेकवतात, बाणाला आडवी रेघ, रेघेला चिकटून छोटा त्रिकोण आणि शेजारी माप. त्रिकोण रेघेच्या खाली असेल तर बाण टेकलाय त्याच बाजूनं वेल्डिंग करायचं, वर असेल तर पलीकडून. कागदावर हे काम सुजाता बोलता बोलता करायची. कॉम्प्युटरवर मात्र माझी फजिती व्हायची. त्या प्रोग्रॅममध्ये वेल्डिंगचं तयार चिन्हच नव्हतं. एकेक रेघ जोडून काढावं, तर टाकीचं ड्रॉइंग कागदावर मावेल असं लहान करताना चिन्ह मुंगीएवढं व्हायचं. डाव्या भागावरून उजवा भाग आरशासारखा उलटवला की चिन्हं पण उलटायची, आकडे मागून पुढं वाचावे लागायचे. आणि गिऱ्हाइकानं माप बदललं की पत्रा सरकायचा, बाण मात्र जुन्या जागी हवेत लटकलेला. सुजाता बघून हसायची. "मंगल, तुझा बाण कुणाला शोधतोय गं? पत्रा तर कवाच घरी गेला."

शेवटी अण्णांनी तोडगा काढला. ड्रॉइंग मी कॉम्प्युटरवर काढायचं, प्लॉटरनं ते ट्रेसिंग पेपरवर उतरवायचं आणि त्यावर सगळी चिन्हं सुजातानं शाईनं काढायची. त्यासाठी ती माझ्याच टेबलाशी बसायची. मी पडद्यावर बघून सांगायचे, ती काढायची, आणि मधूनच पेन खाली ठेवून विचारायची, "ही रेघ कशी गं काढलीस? मला एकदा दाबू दे की." तिनं अण्णांना सरळ विचारलंही होतं. अण्णा म्हणाले होते, "न्हाय कुठं म्हणतोय पोरी. पर तू तितं बसलीस तर शाईचं कोण बघंल? ही चिन्हं कॉम्प्युटरवर याय लागली की तू सकाळी बस, मंगल दुपारी बसंल. मशीन एक हाय, मग दोघी एका वेळी कशाला?" सुजाता त्या दिवसापासून माझ्या मागं लागली. रोज आली की पहिला प्रश्न, "सुटलं का काही?"

ते सुटलं, ती नसताना. तिच्या मामाच्या घरच्या लग्नाला ती इंदापूरला गेली होती आणि मी खोलीत एकटी होते. सहज सुचलं, की सगळं चिन्ह मिळून एकच तुकडा करावा, बाणाचं टोक हेच त्याला धरायचं ठिकाण ठेवावं म्हणजे पत्रा सरकला तर तिथंच धरून तोही हलवता येईल, मापाची जागा रिकामी सोडावी आणि तुकडा बसवताना कॉम्प्युटरनंच विचारावं, माप किती? कागदावर ड्रॉइंग जेवढं लहान होणार, तेवढा तुकडा आधीच मोठा करून ठेवायचा. आणि बसवायचा तो ड्रॉइंग उलटवून झाल्यावर, सगळ्यात शेवटी. एक बसवून बघितला. नीट बसला. मग शेजारी दुसरा. आनंद व्हायला हवा होता, पण मी नुसती पडद्याकडं बघत बसले. म्हणजे आता ती सकाळी येणार आणि मी दुपारी. दारात भेट, चप्पल घालता घालता दोन शब्द, बस.

इथं एक गोष्ट लपवली तर हे सगळं लिहिणं व्यर्थ आहे. त्या खोलीबाहेर आम्ही दोघी कुठं बसलोच नसतो. तिचं घर बौद्ध. माझी मावशी जुन्या वळणाची. मी तिला मावशीकडं कधी नेलं नाही, आणि "तुझं घर कुठंशी?" असं तिनं कधी विचारलं नाही. का विचारत नाही ते मला कळत होतं, आणि मला कळतंय हे तिलाही. डबा मात्र आम्ही एकाच झाकणात खायचो. तिच्या आईच्या हातची कांद्याची पात माझ्यासाठी वेगळी बांधलेली असायची. तेवढं एक टेबल होतं आम्हाला. मावशीला विरोध करायचं धाडस माझ्यात नव्हतं, म्हणून मी सुजाताचा कॉम्प्युटर अडवला. त्या तुकड्याची फाईल मी पुसून टाकली. चुकून नाही, घाईत नाही. पुसू का, असं कॉम्प्युटरनं विचारलं, आणि मी हो म्हणाले.

पुढं पुण्यातल्या एका कंपनीनं तिला मुलाखतीला बोलावलं. परत आल्यावर तिनं नक्कल करून दाखवली. "सायेब म्हणला, बसा, एक चौकोन काढा. मी त्या माउसाला असं धरलं, जसं काय पळून जाणाराय. बाण गेला पार पडद्याच्या कडंला. त्यो म्हणला, ताई, सवय न्हाय वाटतं. मी म्हणलं, शाई असंल तर द्या." आम्ही दोघी पोट धरून हसलो. त्या हसण्यात सांगून टाकता आलं असतं. त्यानंतर काही महिन्यांनी ती इंदापूरला एका पतसंस्थेत कारकून म्हणून लागली, तिकडंच लग्न झालं, आणि ड्रॉइंग सुटलं ते कायमचं. ती शेड सोडून गेली त्याच आठवड्यात मी तो तुकडा पुन्हा बनवला. अण्णांनी पेढे वाटले. म्हणाले, "सुजाता असती तर तिलाबी बसवली असती बघ."

आम्ही भेटत राहिलो. माझी मावशी वारल्यावर मी सुजाताला घरीही बोलावलं, ती आली, हसत बोलत जेवली. शेवटची भेट तिच्या इंदापूरच्या घरी झाली. माझ्याकडं लॅपटॉप होता. ती उशीला टेकून बसली होती, म्हणाली, "ते वेल्डिंगचं आता कसं काढतात, दाव की." मी दाखवलं. आता सगळं तयार मिळतं, रेघेवर बोट ठेवलं की चिन्ह येऊन चिकटतं, पत्रा सरकला तर बाणही त्याच्यामागं जातो. मग तिनं स्वतः एक बसवलं. हाताला सुईच्या जागी पट्टी होती, तरी चिन्ह जागेवर बसलं. "एवढंच व्हय?" ती म्हणाली. मी म्हणाले, "आता सोपं झालंय गं. तेव्हा नव्हतं." मरणाच्या दारात असलेल्या माणसाशी मी पुन्हा खोटं बोलले.

हा मजकूर वर्तमानपत्राच्या पुरवणीकडं पाठवायच्या आधी मी आर्याला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "पण मावशी, दुसऱ्या दिवशी सांगायचं हुतं की."

दुसऱ्या दिवशी... दुसऱ्या दिवशी सुजाता लग्नाहून परत आली. हाताला मेंदी, पिशवीत माझ्यासाठी पेरू. स्टूल ओढलं, "सरक" म्हणाली आणि मी उजवीकडं सरकले. पेनात शाई भरता भरता तिनं लग्नातली सगळी भांडणं सांगितली आणि मी ऐकत राहिले. आज मी ज्या ऑफिसात बसते तिथं प्रत्येकाला वेगळा कॉम्प्युटर आहे. तरी कुणी काही विचारायला मागं येऊन उभं राहिलं की माझी खुर्ची आपोआप उजवीकडं जाते आणि डावीकडं एका माणसाची जागा होते. नवी पोरं अवघडतात. म्हणतात, "राहू द्या मॅडम, आमी उभ्यानंच बघतो."