उघाडीच्या दोन किल्ल्या

वसंताच्या घरून वहिनींचा फोन आला तेव्हा मी पेणला घरी चहा पीत होतो. "भाऊजी, हे गेले," एवढंच त्या म्हणाल्या. मी "बरं" म्हणालो, उरलेला चहा संपवला, कप विसळून पालथा घातला. आता महिना होत आला, रडू काही आलेलं नाही...

वसंता आणि मी रोह्याच्या एकाच कॉलेजात राज्यशास्त्र शिकवलं. तो आदर्शवादाचा, मी वास्तववादाचा. वाटणी कुणी केली नव्हती, स्वभावानेच झाली. युद्ध माणसं करतात, मग थांबवणंही माणसांच्याच हातात आहे, असं तो म्हणायचा. मी म्हणायचो, समोरच्याच्या हातात काय आहे ते आधी बघ. मग एका वर्षी खाडीकाठच्या दोन गावांचं भांडण पेटलं. खाडीच्या बांधाला पाणी आत-बाहेर सोडायचं दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. भातात खारं पाणी शिरतं म्हणून एका गावाला ती बंद हवी होती. कोळंबीच्या तळ्यांसाठी दुसऱ्याला उघडी. काठ्या निघाल्या. वसंताचे विद्यार्थी दोन्हीकडे होते. तो सरळ बांधावर मधोमध जाऊन उभा राहिला. मी हात धरून ओढत होतो, "अरे, पोलीस येऊ देत." "ते आले की भांडण थांबेल, मिटणार नाय," तो म्हणाला. तेवढ्यात दगड आला. त्याचा डावा कान त्या दिवशी कायमचा गेला.

त्याने तक्रार केली नाही. डोक्याला पट्टी बांधून तो दोन्ही गावांत जेवायला गेला, मीही सोबत होतो. एक म्हातारी भाकरी वाढताना म्हणाली, "सर, पुन्ना मधी उभं ऱ्हाऊ नका. आमची पोरं डोकं फिरलेली हायेत." "मग तुम्ही उभ्या राहा," तो म्हणाला. पुढच्या बैठकीला ती खरंच आली, दोन्ही गावच्या बायका घेऊन. त्या उठेनात, म्हणून पुरुषांनाही बसावं लागलं. शेवटी उघाडीला दोन कुलपं लागली, एकेका गावाकडे एकेक किल्ली; दोन्ही लागल्याशिवाय दार हलणार नाही. कुलपांची सूचना माझी. वसंता खट्टू झाला. "ही शांतता नाय रे, नुसती भीती." "भीतीनेच टिकते," मी म्हणालो. हा वाद निवृत्तीनंतरही वरशाला, त्याच्या गावच्या घरी ओटीवर, चालूच राहिला. कुलपं अजून आहेत. तेराव्याला दोन्ही गावची माणसं आली, वेगवेगळी बसली, जेवून गेली.

परवा वरशाला गेलो. त्याची खुर्ची वहिनींनी हलवलेली नाही. पेपर आला होता, पहिल्याच पानावर कुठल्याशा युद्धाची, तहाच्या बोलण्यांची बातमी. "वाचा ना मोठ्याने," वहिनी म्हणाल्या. मी वाचली.

"आता तुमचं म्हणा."

"हा तह टिकायचा नाही, वहिनी."

त्यांनी रिकाम्या खुर्चीकडे बोट केलं. मग म्हणाल्या, "ह्यांनी काय म्हटलं असतं, ते तुमच्याइतकं कुणाला ठाऊक नाय. तेही म्हणा."

मी पेपरची घडी घातली... आणि त्याची बाजू मांडायला लागलो.