घट्ट बांधलेली ताडपत्री

बायको गेल्यावर म्हाताऱ्या वेल्डरला तिच्या तीन सशांचीच सोबत उरली. पावसाळ्यात अंगणातल्या जाळीच्या खुराड्यात पाणी शिरलं, तेव्हा त्याने वर पत्रा ठोकला आणि चारी बाजूंनी ताडपत्री आवळून बांधली. थेंबभर पाणी आत येईना.

उन्हाळा लागला तरी ताडपत्री तशीच होती.

"बाबा, वारा तरी जाऊ द्या आत," शेजारच्या गल्लीत राहणारी मुलगी म्हणाली.

"अवकाळीचा काय भरवसा?" त्याने तिला उडवून लावलं.

एका दुपारी पत्रा तव्यासारखा तापला. म्हातारा धावला, तेव्हा दोन ससे मरून पडले होते आणि तिसरा धापा टाकत होता. त्याला त्याने ओल्या फडक्यात धरलं.

दोघांना पुरून आल्यावर त्याने ताडपत्री सोडली, पत्र्याखाली वीतभर फट ठेवली, वर गवत अंथरलं.

"तुझ्या आईला काय सांगू गं?" त्याने विचारलं.

"तिसरा आहे ना अजून. हा कोपरा हलतोय, ठोका," म्हणत मुलीने हातोडा पुढे केला.