आधी कडेला, मग शरणार्थ

माझे सासरे वडीलधारं माणूस दिसलं की सायकलवरून उतरतात. नुसता पाय टेकवत नाहीत. खाली उतरतात, एका हाताने सायकल धरतात, दुसरा छातीशी नेऊन वाकतात आणि 'शरणार्थ' म्हणतात. आमच्या लिंगायतांत नमस्काराच्या जागी हेच म्हणायची पद्धत. माणूस पुढे गेलं की पुन्हा टांग मारून निघतात. सायकलवर बसून कुणा मोठ्याच्या समोरून जाणं म्हणजे त्यांच्या लेखी मोठ्यांपुढे पाय पसरून बसणं.

लातूरला गंजगोलाईच्या बाजारात आमचं भांड्यांचं दुकान आहे. ते आता माझा नवरा बघतो. तरी मामा, म्हणजे सासरेच, रोज सकाळी कपाळाला भस्म लावून सायकलवर दुकानाला निघतात. त्यांच्या तरुणपणी त्या रस्त्यावर म्हणे सायकलीच जास्त होत्या. आता क्लासच्या पोरांच्या गाड्या, ॲपे रिक्षा, कार आणि भरीस भर मालाचे टेम्पो. मामांची रीत मात्र तीच. माणूस दिसेल तिथे उतरायचं, भर रस्त्यात.

मी माहेरची अर्धापूरची, जिभेला हाड नसलेली. "मामा, तुमच्यापेक्षा मोठं आता लातुरात उरलंय कोन?" असं चिडवायचे. ते हसायचे. "वयानंच मोठं असतंय का मानूस?" म्हणायचे.

एकदा माझे बाबा मला भेटायला आले, पिशवीत अर्धापूरची केळी घेऊन. बसस्टँडवरून ते पायीच दुकानाकडे येत होते. मी स्कूटीवर शाळेत शिकवायला निघाले होते, मामा माझ्या बरेच पुढे. त्यांनी समोरून बाबांना येताना पाहिलं आणि होते तिथेच उतरले. आपल्याकडे मुलीच्या बापाने मुलाच्या बापापुढे वाकायचं असतं. मामांचं सगळं उलटं.

मागच्या ॲपेवाल्याने करकचून ब्रेक दाबला, गाडी वळवली, म्हणून निभावलं. तरी आरशाचा धक्का लागून मामा पडलेच. मी गाडी टाकून धावले. पडल्या पडल्या ते हात जोडायला गेले, आणि उजवा हात वर येईना तेव्हा त्यांना कळलं की मनगट गेलं. मग डावाच हात छातीशी नेऊन माझ्या बाबांना म्हणाले, "शरणार्थ, पाव्हणं. कवा आलात?"

बाबा तिथेच खाली बसून रडायला लागले. केळी रस्त्यावर. ॲपेवाला धावत आला. "आजोबा, हात तरी दाखवायचा होता की हो," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होता. त्यानेच आम्हाला दवाखान्यात नेलं.

घरी आल्यावर नवऱ्याने सायकलला साखळी घातली. "जित्याची खोड..." एवढं बोलला आणि पुढचं न बोलता जीभ चावली.

प्लास्टर निघालं, साखळी निघाली नाही. नवरा मामांना कारमधून दुकानात नेऊ लागला. रस्त्यात कुणी ओळखीचं दिसलं की ते "थांब, थांब" म्हणून दाराला हात घालायचे. मग नवऱ्याने दाराचं लॉक लावून टाकलं. त्यानंतर मामा बोलायचेच कमी झाले. ताटावर बसले की 'वाढ' म्हणेनात, 'पुरे' म्हणेनात. घरातलं एक माणूस मिटत चाललंय हे मला दिसत होतं आणि त्याचा संताप येत होता. कुणाचा ते कळेना, म्हणून नवऱ्यावर काढला.

"परत पडले तर?" त्याने विचारलं. त्याचाही आवाज फाटला होता. बापावर जीव त्याचाही होताच की.

"मी शिकवते त्यांना," म्हटलं, "आन् शिकेपर्यंत मागं माझी गाडी राहील."

रविवारी नवऱ्याने साखळी काढली आणि कॉलनीतल्या मोकळ्या रस्त्यावर आमची शाळा भरली. मागे बघायचं, हात दाखवायचा, कडेला घ्यायचं, थांबायचं, मग उतरायचं. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"इतकं करस्तोवर मानूस निघून जातंय की."

"मग मागून हाक मारा."

"मागून हाक मारत न्हाईत. अपशकुन असतोय."

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, म्हणतात ते खोटं नाही. मला असं वाटलं की सायकल उचलून द्यावी भंगारात. मी चिडूनच म्हणाले, "मामा, पुढच्याला एवढा मान देता, आन् मागच्याचं काय? त्या ॲपेवाल्याचा काय गुन्हा होता? त्यालाबी घरदार असंल. आधी त्याला सांगा, मग पुढच्याला वाका."

मामांनी सायकलच्या हँडलवरून हात फिरवला.

"हे बराबर हाय," म्हणाले. "मागचापन मानूसच हाय."

त्यानंतर पुष्कळ दिवस मी त्यांच्या मागे स्कूटी चालवली. सायकलीच्या चालीने चालवल्याशिवाय कळत नाही, कारवाले किती घासून जातात ते. एकाला मी ओरडलेच, "लांबून जा की बाप्पा, मानूस दिसंना का?" तर मामा पुढूनच म्हणाले, "शिव्या नको देऊ, माय. हात दाखव त्याला." मी हात दाखवला. तो खरंच लांबून गेला. मला त्या परक्या माणसाचं उगाचच कौतुक वाटलं.

हळूहळू मी मागे जाणं सोडलं. जीव मात्र टांगणीलाच असायचा. दुकानात पोचल्याचा फोन येईपर्यंत वर्गात लक्ष लागायचं नाही.

मग एका शनिवारी शाळा लवकर सुटली. मी घरी निघाले होते आणि समोरून मामा येताना दिसले. त्यांनी मागे पाहिलं. हात दाखवला. टेम्पो जाऊ दिला. सायकल कडेला घेतली, थांबले, उतरले आणि छातीशी हात नेऊन वाकले.

मी स्कूटी हळू केली आणि मागे वळून पाहिलं, कोण मोठं माणूस येतंय ते. कुणीच नव्हतं. मामा माझ्याकडेच बघत होते.

"मामा, माज्यासाठी?"

"मग? शिकवलं कोनी? मास्तर समोर दिसल्यावर सायकलीवर बसून जावं का?"

सासऱ्याने सुनेसाठी उतरावं, असं ना माहेरी पाहिलं होतं ना सासरी. मी होते तिथेच ब्रेक दाबला, स्कूटी स्टँडला लावली आणि पाया पडायला निघाले. मागून कुणीतरी जोरात हॉर्न वाजवला.

मामांच्या कपाळावर आठी पडली.

"अगं, आधी गाडी कडेला घे, माय," ते म्हणाले. "मागचापन मानूसच हाय."