पडद्याबाहेरचं बाक

बाबा सेलूच्या जिनिंग कारखान्यात हमाल होते. कापसाचा हंगाम असला की घरात दोन्ही वेळची चूल पेटायची. पावसाळ्यात जिनिंग बंद, मग माय निंदणाला जायची तेवढाच आधार. हिंगणीच्या आमच्या एका खोलीत सगळे दाटीवाटीनं झोपायचो, म्हणून बारावीचा अभ्यास मी शाळेच्या ओट्यावर केला. पास झाले आणि वर्ध्याच्या कॉलेजात नाव घातलं. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिली, हे तेव्हाही सगळ्यांना सांगत होते, आजही सांगते.

अडचण वेगळीच निघाली. वर्ग दुपारी सुटायचे आणि गावची एसटी संध्याकाळी. वर्ग सुटले की शिपाई लेडीज रूमला कुलूप लावायचा. नव्वदच्या दशकातल्या वर्ध्यात मुलांना बसायला सगळं शहर मोकळं होतं. मुलीनं कुठं बसायचं? घरी वाचायला जागा नव्हती आणि इथं हातात रिकामी दुपार होती. मी चहाची दुकानं धुंडाळायला लागले.

बसस्टँडजवळच्या हॉटेलात 'फॅमिली रूम' होती. फॅमिली रूम म्हणजे प्लायवुडचं खोकं आणि त्याला तेलकट पडदा. एकट्या बाईनं त्या पडद्यामागंच बसायचं, असा रिवाज. आत झिरोचा दिवा. वेटर घडीघडी पडदा उचलून बघायचा, आणि आत मी एकटीच दिसले की त्याचा चेहरा पडायचा.

कापूस बाजाराजवळचं दुकान याच्या उलट, चारी बाजूंनी उघडं. अडते, दलाल, गाडीवाले. मोठ्यानं भाव आणि त्याहून मोठ्यानं शिव्या. मी बसले की सगळे चिडीचूप. एक म्हातारा व्यापारी म्हणाला, तू वाच बेटा, आम्ही हळू बोलतो. बिचारे खरंच कुजबुजत सौदा करायला लागले. माझा चहा संपेपर्यंतही त्यांना ते जमलं नाही. त्यांची जागा आपण नासवतो आहोत असं वाटून मीच उठले.

तिसरी जागा सापडली ती सेवाग्रामच्या ऑटो सुटायच्या तिथं. नवराबायको मिळून दुकान चालवायचे. सेवाग्रामच्या हॉस्पिटलातल्या दक्षिणेकडच्या नर्सांमुळे तिथं चहापेक्षा कॉफी जास्त खपायची. पेशंटसाठी डबा घेऊन निघालेल्या बायका, ड्युटीवर जाणाऱ्या नर्सा, जो तो कशाची तरी वाट पाहत असायचा. त्यामुळं तू इथं काऊन बसली, असं कोणी विचारत नसे. खिडकीजवळच्या बाकावर उजेड छान. एका कॉफीवर माझा इतिहासाचा धडा संपायचा. दुकानवाल्या काकू फक्त फडकं मारताना पुस्तक उचलायला लावायच्या.

मग आमच्या शेजारच्या काकांनी मला तिथं पाहिलं. ते मोटारसायकलनं माझ्याआधी गावात पोचले आणि त्यांच्यासोबत बातमीही पोचली: पोरगी हॉटेलात बसते. माय म्हणाली, झालं तेवढं शिक्षण लय झालं. रात्रभर मला वाटत राहिलं, संपलं कॉलेज.

सकाळी बाबा जिनिंगला खाडा करून माझ्याबरोबर एसटीत बसले. वर्ग सुटेपर्यंत फाटकाशी थांबले आणि म्हणाले, कुठं कुठं बसते ते सगळं दाखव.

फॅमिली रूमचा पडदा त्यांनी उचलला, आत डोकावले आणि तसाच सोडून बाहेर आले. बाजारातल्या दुकानात त्यांनी चहा उभ्यानंच घेतला. व्यापाऱ्यांसमोर बसायची त्यांना सवयच नव्हती. ऑटो स्टँडवर मात्र ते खिडकीजवळ टेकले. कॉफीचा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"हे तं औषध हाये. पैसे देऊन पेतं तू?"

बाजूच्या बाईनं डब्याची पिशवी त्यांच्यापाशी ठेवली, भाऊ, लक्ष ठेवजो म्हणाली आणि ऑटो बघायला गेली. ती परत येईपर्यंत बाबांनी पिशवीवरचा हात काढला नाही. मी समोर पुस्तक उघडून बसले होते, पण एक ओळ डोक्यात शिरत नव्हती. ती बाई निघून गेल्यावर बाबा म्हणाले, "इथंच बसत जाय. त्या पडद्यामांगं बसू नोको. लोकायले दिसू दे, तू का करून राह्यली ते."

गावात उतरल्यावर ते सरळ शेजारच्या काकांच्या ओट्यावर गेले. मी मागं उभी होते.

"भाऊ, माही पोरगी हॉटेलात बसते," ते म्हणाले. "खिडकीजवळ बसते. वर्ध्याले गेला तं पाहून येजो."

काका हसले, त्यांनी चहा मागवला. मायचा राग आणखी आठवडाभर टिकला.

दोन हजार सालानंतर वर्ध्यात काचेच्या दारांची, मऊ सोफ्यांची कॉफी शॉपं आली. मी मुद्दाम जाऊन बसले. गारवा चांगला, पोरीबाळी बिनधास्त बसलेल्या, ते पाहून बरं वाटलं. पण दिवे मंद, पुस्तक वाचावं असा उजेड कुठंच नव्हता. मला आपलं ते लाकडी बाकच आठवत राहिलं.

त्याच बाकावर मी कॉलेजची सगळी वर्षं अभ्यास केला आणि बी.ए. पास झाले. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर.