तयार झाड

मला ओतूरहून एसटी पकडायची असली तरी आई स्टँडपर्यंत कधी यायची नाही. डिंगोऱ्याच्या आमच्या अंगणात, कडुलिंबाखाली उभी राहायची. नोकरीसाठी मी पहिल्यांदा भोसरीला निघाले तेव्हाही तिथेच होती. "पोचल्यावर आधी जेव, मग पसारा लाव," एवढंच म्हणाली. मी उलटं केलं. अजूनही तसंच करते. कंपनीत स्टोअर सांभाळते, तिथे हा स्वभाव खपतो.

गेल्या वर्षी वैशाखातल्या वाऱ्यात तो कडुलिंब मुळासकट आडवा झाला. माझे वडील, अण्णा, गेल्यापासून आई एकटीच राहते. घरामागे ऊस आणि उसात बिबट्या, त्यामुळे संध्याकाळी बाहेर बसायची सोय नाही. तिची बाहेरची वेळ म्हणजे दुपार. झाड गेल्यावर ती भिंतीच्या हातभर सावलीत खुर्ची सरकवत बसू लागली. भोसरीला ये म्हटलं तर आली, आमच्या चौथ्या मजल्याच्या गॅलरीत बसली आणि म्हणाली, "हितनं खाली बघितलं की गरगरतं." आठवडा व्हायच्या आत परत गेली.

गाव सोडलेल्या आपल्या सगळ्यांना एक खोड लागते. तिथलं दुखणं आपण इथल्या पद्धतीने मिटवायला जातो. मी नर्सऱ्यांना फोन केले. कडुलिंब नको, करंज घ्या, मोठा हलवला तरी तग धरतो, असं कळलं. दोन पुरुष उंचीचा करंज ठरवला. टेम्पो, क्रेन, खड्ड्याला जेसीबी, शेणखत, आधाराला बांबू, सगळं आधी पक्कं केलं. पावसाळा लागल्यावर एका रविवारी सकाळी झाड दारात आलं, मुळांभोवती गोणपाटाचा गोळा बांधलेलं.

सगळी आळी बघायला जमली. शेजारचे नाना, अण्णांचे चुलतभाऊ, म्हणाले, "सुमे, पुढल्या खेपेला डोंगरच आण टेम्पोत घालून. हटकेश्वर लई लांब पडतो आमाला."

"आणते की. तुम्ही जागा रिकामी करून ठेवा," मी म्हटलं. लोक हसले. आई क्रेनवाल्याला चहा देत होती. ती हसली नाही.

दुपारपर्यंत झाड उभं राहिलं. मी खुर्ची त्याच्याखाली नेऊन ठेवली.

आईने विचारलं, "केवढ्याचं हाय ह्ये? वरसं म्हंते मी."

"सात-आठ वर्षांचं. तयार झाड आहे, आई. रोप लावलं असतं तर सावलीला किती वाट बघायची?"

"खरंय," ती म्हणाली. "माज्याकडं तेवढी वरसं न्हाईत, ह्ये तू धरूनच चाललीस." आणि खुर्ची उचलून पुन्हा भिंतीकडे गेली.

मला तेव्हा राग आला. एवढं करून हे ऐकायचं? पण परतताना एसटीत नारायणगावच्या पुढे ते वाक्य नीट पोचलं. मी झाडाचं वय विचारलं होतं, उंची विचारली होती. आणि आईचं उरलेलं आयुष्य न विचारताच मनात ठरवून टाकलं होतं. तिला ते करंजाच्या बुंध्याकडे बघूनच कळलं.

महिनाभरात करंजाची पानं झडली. हलवलेलं झाड झडतंच, हे मला माहीत होतं, तरी रोज फोन करत होते. आई म्हणायची, "तुजं झाड हाय तसंच हाय." माझं झाड. दिवाळीच्या सुमारास पालवी फुटली, तीही नानांनी सांगितली. आणि हेही सांगितलं की, वैनी काय त्याच्याखाली बसत न्हाई.

उन्हाळाभर मी गावी जाताना धास्तावलेली असायचे. करंज चांगला दाट झाला होता. त्याच्या गार सावलीत कोंबड्या बसायच्या आणि आई भिंतीपाशी घामेजून गहू निवडायची.

यंदा पहिल्या पावसानंतर गेले तर भिंतीच्या कडेला फुटक्या बादलीत वीतभर रोप होतं. तांबूस, लोंबती पानं. रायवळ आंबा, आईने स्वतः कोय रुजवलेली.

"विहिरीच्या वाटंला लावायचाय," ती म्हणाली. "मला आता वाकवत न्हाई. खड्डा तू घे."

कलम आणलं असतं तर तीन-चार वर्षांत फळ धरलं असतं. कोयीच्या आंब्याला त्याच्या दुप्पट तरी लागतात, कधी जास्तच. हे सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. आईचं वय मला पाठ आहे. तिलाही आहे. ती माझ्या तोंडाकडेच बघत होती.

"जेसीबी बोलावतीस का आता?" तिने विचारलं.

"नाही. किती खोल घेऊ?"

"गुडघ्याइतका घे. घाई करू नगंस."

मी पदर खोचला आणि कुदळ घेतली. माती ओली असूनही वर खडे लागत होते. घर म्हणजे काय, असं भोसरीत कुणी विचारलं तर मी इतकी वर्षं पत्ता सांगायचे. आता वाटतं, जिथे माझं गणित बरोबर असूनही मला गप्प बसावं लागतं, ते घर. आई खड्ड्याच्या काठाशी उभी होती आणि सांगत होती, पलीकडून घे, पाणी तिकडनं येतं, आंबे लागल्यावर नानाच्या पोरांना एक फांदी सोड, उगाच भांडू नगंस. मी मान डोलवत खणत राहिले.