नियमात हात मोजलेले नाहीत

आमच्या कारखान्याच्या मुख्य गेटवर एकोणीस वर्षं कमरेला पिस्तूल लावून उभ्या राहणाऱ्या बाईंना सगळे हवालदार काकू म्हणत. पोलिसात त्या एक दिवसही नव्हत्या. पण ट्रक आत सोडण्याआधी त्या ड्रायव्हरकडे ज्या नजरेने पाहत, तिला दुसरा हुद्दा शोभलाच नसता. मी आस्थापना विभागात. सुरक्षारक्षकांच्या फायली माझ्याकडे आणि वार्षिक नेमबाजी चाचणीचा तक्ताही मीच भरायचो, म्हणून हे सगळं जवळून पाहायला मिळालं.

ज्या चाचणीची ही गोष्ट, तिच्या आदल्या वर्षी गेटचा सरकता लोखंडी दरवाजा रुळावरून निसटला आणि काकूंच्या डाव्या खांद्यावर आला. खांद्यात धातूची पट्टी बसली, आठ स्क्रूंसकट. चार महिन्यांनी त्या कामावर हजर झाल्या तेव्हा डावा हात कमरेच्या वर जात नव्हता. उजवा ठणठणीत होता.

त्याच सुमारास नवे सुरक्षा अधिकारी आले. वय चाळिशीचं, कपडे कडक इस्त्रीचे, बोलणं त्याहून कडक. त्यांनी काकूंना केबिनमध्ये बोलावलं. फाईल घेऊन मीही उभा होतो.

"बाई, चाचणी महिन्यावर आलीय. पिस्तूल दोन हातांनी धरायचं असतं. तुम्हाला ते आता जमणार नाही. तुम्ही पासच्या खिडकीत बसा. सावली आहे, पंखा आहे, पगार तोच."

"आणि हत्यार?"

"खिडकीत हत्यार कशाला? येणाऱ्याच्या पासवर शिक्का मारायचा."

"म्हणजे कुणी अंगावर आला तर त्यालाही शिक्काच मारू?"

मी फायलीत तोंड घातलं. साहेब हसले नाहीत. काकूंची निवृत्ती दोन वर्षांवर आली होती. गेटवरूनच जायचं, असं त्या सगळ्यांना सांगत आल्या होत्या.

"दरवाजा तुमचा निसटला, खांदा माझा गेला, आणि आता जागाही माझीच जाणार?" त्या माझ्याकडे वळल्या. "भाऊ, नियम काय आहे तो वाचा. मोठ्याने वाचा."

मी वाचला. अंतर दहा मीटर. दहा गोळ्या, वेळ तीन मिनिटं. काळ्या वर्तुळात किमान आठ लागल्या पाहिजेत. न झाडलेली गोळी चुकलेली धरावी.

"हात किती, ते वाचा."

मी पान उलटून पाहिलं. "हातांचं काही लिहिलेलं नाही."

"मग झालं तर. नियमात हात मोजलेले नाहीत. मी एका हाताने मारीन."

"नाही जमलं तर खिडकी," साहेब म्हणाले. "मग रडारड नको."

"नाही जमलं तर शिक्का मी स्वतः मागून घेईन."

सरावाला तीन शनिवार होते. कारखान्याच्या मागच्या भिंतीला मातीचा उंच बांध घातला होता, तिथे नेमबाजी चाले. ती जागा सांभाळणाऱ्या म्हाताऱ्याला आम्ही फौजी म्हणायचो. तरुणपणी तो सैन्यात होता आणि एका हाताच्या पिस्तूल स्पर्धांत उतरायचा.

पहिल्या शनिवारी काकू नेहमीसारख्या उभ्या राहिल्या. छाती लक्ष्याकडे, गुडघे किंचित वाकलेले, अंग पुढे झुकलेलं. दहापैकी तीन गोळ्या वर्तुळात लागल्या. बाकीच्या खाली डावीकडे, जणू कुणी केर झाडून कोपऱ्यात सारलाय.

फौजीने कागद पाहिला आणि बिडी कानामागे खोचली. "ताई, तुम्ही अजून दोन हातांनीच मारताय. डावा दिसत नाही, एवढंच."

"म्हणजे?"

"म्हणजे सगळं अंग त्या हाताची वाट बघतंय. तो येणार नाही. उभं राहायचंच वेगळं."

त्याने त्यांना जवळजवळ आडवं वळवलं. उजवा खांदा लक्ष्याकडे, पायांत खांद्याएवढं अंतर, वजन दोन्ही पायांवर सारखं, पाठ सरळ. डावा हात पँटच्या खिशात घालायला लावला. लोंबकळता हात झोके घेतो आणि सगळं अंग हलवतो, म्हणून. मग रिकामं पिस्तूल बांधाकडे धरून डोळे मिटायला सांगितले. "हात सहज उचला. जिथे आपोआप थांबेल तिथे थांबू द्या. आता बघा."

पिस्तूल लक्ष्याच्या वीतभर डावीकडे रोखलेलं होतं. काकूंनी मनगट उजवीकडे ओढलं.

"अंहं! मनगटाला हात लावायचा नाही. मनगट ऐकतं आणि थकलं की मूळ जागी जातं. मागचा पाय सरकवा, बोटभर. अंग वळलं की हात वळतो."

पाय सरकला. डोळे मिटून उघडले. पिस्तूल नेमकं समोर.

"अगंबाई," काकू म्हणाल्या. "एकोणीस वर्षं मी चुकीच्या टोकाने नेम धरत होते."

पुढच्या दोन शनिवारी बाकीचं झालं. नजर नळीच्या टोकावरच्या साईटवर, लक्ष्य पुसट दिसलं तरी चालेल. श्वास घेत हात वर न्यायचा, सोडत खाली आणायचा, थांबवायचा आणि चाप सरळ मागे दाबायचा, झटका न देता. दहा सेकंदांत गोळी सुटली नाही तर हात खाली. "न मारता खाली आणायला जास्त जिगर लागते," फौजी म्हणायचा.

घरी त्या कपड्यांची इस्त्री एका हाताने समोर धरून उभ्या राहत. त्यांचे यजमान बस दुरुस्तीच्या कामातून निवृत्त झालेले. त्यांनीच मला गेटवर सांगितलं, "मी म्हटलं, अगं, शेजाऱ्यांना वाटेल तू मला धमकावतेस. तर म्हणते, अहो, त्याला इस्त्री कशाला लागते?"

चाचणीच्या दिवशी सगळे रक्षक बांधापाशी जमले. साहेब घड्याळ घेऊन उभे होते. काकूंनी डावा हात उजव्या हाताने उचलून खिशात ठेवला, डोळे मिटून एकदा पिस्तूल वर नेलं, मागचा पाय जरासा सरकवला.

"सुरू," साहेब म्हणाले.

पहिल्या पाच गोळ्या संथ गेल्या. सहाव्या वेळी हात वर गेला, थांबला आणि गोळी न सुटताच खाली आला.

"वेळ चाललाय, बाई."

"चालू द्या, साहेब. मी उभी आहे."

सहावी गेली. सातव्या गोळीला कागदाची पांढरी कड फाटलेली सगळ्यांना दिसली. आठवी, नववी. दहावीला पंचवीस सेकंद उरले होते. हात वर गेला. मला त्यांचं मनगट थरथरताना दिसलं. मागून कुणीतरी "मारा, मारा" म्हणालं. हात खाली आला. परत वर गेला, परत थरथरला, परत खाली आला.

"वेळ संपला."

काकूंनी उरलेली गोळी काढली, पिस्तूल रिकामं करून दाखवलं आणि मेजावर ठेवलं. फौजी कागद घेऊन आला. साहेबांनी भोकांवर पेन्सिल टेकवत मोजलं. मग पुन्हा मोजलं.

"आठ," ते म्हणाले. "वर्तुळात आठ. एक बाहेर. दहावी का नाही मारली? आठ लागल्यात हे तुम्हाला तिथून कळलं होतं?"

"नव्हतं कळलं."

"मग?"

"हात थकला होता. ती लागली नसती. न लागणारी गोळी मी गेटवर मारत नाही, इथे कशाला मारू?"

साहेबांनी कागद फौजीकडे परत दिला. मग त्यांनी माझ्याकडून तक्ता घेतला, काकूंच्या नावापुढे 'उत्तीर्ण' लिहिलं आणि टोपण लावायला लागले.

"थांबा, साहेब. शेऱ्याचा रकाना रिकामा राहिला. तिथे 'एका हाताने' लिहा."

"त्याची काही गरज नाही, बाई."

"मला आहे. उद्या तुम्ही जाल, दुसरे येतील, मला पुन्हा खिडकी दाखवतील. चोरून पास झाले असंही कुणी म्हणायला नको. लिहा."

 साहेबांनी टोपण काढलं, तसं लिहिलं आणि सही केली. काकूंनी तक्ता उजव्या हाताने स्वतःकडे ओढला, अक्षर न् अक्षर वाचला आणि परत त्यांच्यापुढे सरकवला.

"सहीखाली तारीख राहिलीय."